मी रोके, निलगिरीवरची

रोके हे बापई नाव आहे. आमच्या सान तादेओ गावात रोके नावाचा एक लोहार होता, एक न्हावी होता, आणि खानावळीतल्या कॅलेंडरवर पायाशी कुत्रा घेऊन उभा असलेला एक संतही त्याच नावाचा आहे. बाईमाणसात या नावाची मी एकटीच. मी कोतोर्रा आहे, पोपटांतलीच एक जात. पाठ हिरवी, छाती राखाडी, शेपूट लांब, आणि तोंड म्हणाल तर क्वचितच बंद. आमच्यात नर आणि मादी दिसायला अगदी सारखे असतात, त्यामुळे ज्याने माझं बारसं केलं त्याची चूक मी कधी मनावर घेतली नाही. हाक मायेची असली की कुठल्याही नावाला ओ द्यावीशी वाटते.

रोसारियोच्या बंदरावर एकदा एक परदेशी खलाशी मला बघून म्हणाला होता, “आमच्याकडे यांना क्वेकर पोपट म्हणतात, म्हणजे थरथरणारे. घरोघर पिंजऱ्यात असतात.” थरथरणारे हे खरं आहे. पिंजऱ्याचं मात्र मला काही माहीत नाही. मी वाढले ट्रकमध्ये.

माझा जन्म धान्याच्या कोठारांमागच्या एका निलगिरीवर झाला. बाकीचे पोपट झाडाच्या ढोलीत राहतात. आम्ही काटक्यांचं घर बांधतो, आणि तेही एकट्यादुकट्याचं नाही. एकाच्या भिंतीला लागून दुसऱ्याची खोली, तिच्या डोक्यावर तिसऱ्याची. अख्खी चाळच म्हणा ना! शेजारणीच्या पिल्लाने कड बदलली तरी आमच्या खोलीत कळायचं. दर वर्षी नव्या खोल्या चढायच्या, जुन्यांची डागडुजी व्हायची, आणि खालची फांदी बिचारी मुकाट्याने ओझं वाहायची.

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका वादळी दुपारी तिने ते ओझं टाकलं.

खाली मका भरायला आलेल्या ट्रकांची रांग लागली होती. पाऊस ओसरल्यावर एक उंच, हडकुळा माणूस ट्रकमधून उतरला आणि पडलेल्या काटक्यांचा ढीग हाताने उपसू लागला. माझी भावंडं गेली होती. मी तळाशी होते. अंगावर पीस नाही, डोळे नुकते उघडलेले, आणि घशातून नुसता आक्रोश. त्याने मला उचलून आपल्या टोपीत ठेवलं आणि म्हणाला, “ओरडू नकोस. मलाही भूक लागलीय.”

हा एवारिस्तो. माणसाच्या तोंडचं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आमची पिल्लं खायला मागताना मान आणि अंग थडथड हलवतात. आमची ती रीतच आहे. एवारिस्तोला वाटलं, मला थंडी वाजतेय. जानेवारीच्या त्या उकाड्यात त्याने ट्रकचा हीटर लावला आणि स्वतः घामाने निथळत बसला. मी आणखी जोरात थरथरले. त्याने हीटर आणखी वाढवला. शेवटी नेमेसियो नावाचा दुसरा एक जाडजूड ट्रकवाला खिडकीशी येऊन म्हणाला, “अरे हाडक्या, स्वतःला भाजून घेतोयस का? भूक लागलीय त्याला!” मग एवारिस्तोने मक्याच्या पिठाची पातळ पेज केली आणि करंगळीवर घेऊन मला भरवली. ती चव अजून माझ्या जिभेवर आहे.

“पण तू हे संकट कशाला पाळतोयस?” नेमेसियोने विचारलं. “या जातीने माझ्या मेव्हण्याचं सूर्यफुलाचं शेत फस्त केलं. मान मुरगाळ आणि मोकळा हो.”

“याने नाही खाल्लं,” एवारिस्तो म्हणाला.

“कशावरून?”

“याला अजून दात नाहीत.”

“अरे, पोपटांना दात नसतातच!”

“मग झालं तर.”

एवढं बोलून एवारिस्तोने काच वर केली. चारचौघांत तो यापेक्षा जास्त बोलल्याचं कुणाला आठवत नाही.

ट्रकच्या पुढच्या काचेखाली त्याने माझ्यासाठी एक आडवी काठी बसवली आणि मी तिथली झाले. माझे पंख त्याने कधी कापले नाहीत. गरजच पडली नाही. ट्रकच माझ्या वतीने उडत होता. दोन्ही बाजूंना मैलोगणती सपाट शेतं, तारांवर बसलेले ससाणे, कुंपणाशी उभ्या गाई, आणि मध्ये सरळसोट रस्ता. मला याहून जास्त जग हवंय असं कधी वाटलं नाही.

हातांना, म्हणजे चोचीला, मात्र चैन नसे. आमच्या जातीला काटकी दिसली की ती कशात तरी खोचल्याशिवाय राहवत नाही. ट्रकमध्ये काटक्या कुठून येणार? मी दातकोरण्या घेतल्या. पेन्सिली घेतल्या. येर्बाचा कडू काढा ओढायची त्याची पत्र्याची नळी घेतली. हे सगळं मी पंख्याच्या जाळीत ओवून ठेवायची. एवारिस्तो सगळीकडे नळी शोधायचा, मग पंख्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. “रोके,” म्हणायचा, “तू पुरुष आहेस की गवंडी?” मी दोन्ही नव्हते, पण हे त्याला कोण सांगणार?

आणि हाच माणूस, जो लोकांत तोंडातून चकार शब्द काढत नसे, ट्रकचं दार लागलं की अखंड बोलायचा. हवामान, टायर, त्याची वारलेली आई, एका वळणावरचा पडका पूल. मी काठीवर बसून ऐकायची. माणसांना वाटतं, पोपट शब्द पाठ करतात. तसं नाही. हजार वेळा बोललेला कोरडा शब्द आमच्या एका कानातून आत जातो आणि दुसऱ्यातून बाहेर. जीव ओतून बोललेलं तेवढं आमच्या घशात उतरतं. एवारिस्तोने टायरबद्दल जे काही सांगितलं त्यातलं मला आज एक अक्षर येत नाही. देल्मिराबद्दल जे म्हणाला ते सगळं येतं.

देल्मिराची खानावळ सान तादेओच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मागे एक जुनी निलगिरी, आणि तिच्यावर आमच्या लोकांची भलीमोठी वसाहत. देल्मिरा पन्नाशीची. भरल्या अंगाची, मोकळ्या हसण्याची. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. सोबतीला तिची मावशी ओर्फिलिया. वय झालेलं, पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. एवारिस्तो दर फेरीला तिथे थांबायचा, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचा आणि मसूर घातलेला रस्सा मागवायचा. देल्मिरा ताट ठेवून विचारायची, “कसा झालाय?” तो मान खाली घालून म्हणायचा, “मीठ बरोबर आहे.” ती जरा वेळ उभी राहायची. तो पाव मोडायचा. ती निघून जायची.

मग ट्रकमध्ये येऊन दार लावलं की सुरू व्हायचं. आधी घसा खाकरायचा. मग आरशात बघून म्हणायचा, “देल्मिरा, ऐक. तुझी पाटी दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. भूक नसली तरी. कळतंय का तुला मी काय म्हणतोय ते?” मग जरा थांबून स्टिअरिंगवर थाप मारायचा. “आणि तोंडातून काय निघालं? मीठ बरोबर आहे! मीठ बरोबर आहे म्हणे! गाढवा! गाढवा!” थाप कधी हॉर्नवर पडायची आणि ट्रक ‘पँ’ करायचा. दर फेरीला हेच. माझ्या लेखी ते एक गाणं होतं. खाकरण्यापासून सुरू होणारं आणि पँवर संपणारं.

असं किती काळ चाललं असतं, सांगता येत नाही. पण पलीकडून नवा चौपदरी रस्ता झाला आणि ट्रक तिकडून जाऊ लागले. एवारिस्तो तेवढा वाट वाकडी करून जुन्या रस्त्यानेच यायचा. एका दुपारी खानावळीत तो एकटाच गिऱ्हाईक होता. खिडकी उघडी होती, ट्रक तिला लागूनच उभा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“एवारिस्तो,” देल्मिरा म्हणाली, “ईस्टर झालं की मी खानावळ बंद करतेय. इकडे आता येतं कोण? बहीण बोलावतेय बाहिया ब्लांकाला. तिथे समुद्र आहे म्हणे.”

“अस्सं,” एवारिस्तो म्हणाला. मग पाव मोडत, “समुद्र चांगला असतो.”

“तुम्ही पाहिलाय?”

“बंदरापर्यंत गेलोय. ते बंदर नदीवर आहे.”

ती नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ उभी राहिली. तो रश्श्यात पाव बुडवत राहिला. मग ती आत गेली.

तो ट्रकमध्ये आला. मी वाट बघत होते, आता खाकरेल, आता आरशात बघेल. काही नाही. नुसतं कपाळ स्टिअरिंगवर टेकून बसला. त्याचं ते गप्प बसणं मला सोसवेना. मी त्याच्या कानाशी जाऊन थरथरले, केस ओढले. त्याने कपाळ आणखी दाबलं, ते हॉर्नवर, आणि हॉर्न असा वाजला की थांबेचना. निलगिरीवरची सगळी वसाहत किंचाळत उठली. काच खाली होती. मीही उठले, बाहेर पडले, आणि कळायच्या आत त्यांच्यामध्ये होते.

पंखांना वर जाणं न शिकताच येतं, खाली उतरणं मात्र शिकावं लागतं. हे मला झाडाच्या शेंड्यावर बसल्यावर कळलं. एवारिस्तो खालून हाका मारत होता, “रोके! रोके!” मला जायचं होतं. पण खाली बघितलं की जमीन गरगरायची. तेवढ्यात थवा शेतांकडे निघाला. एकटीने मागे राहायची हिंमत झाली नाही, म्हणून मीही निघाले.

पुढचं मला ओर्फिलियामुळे कळलं. ती कुठलीही गोष्ट एकदा सांगून थांबत नाही.

एवारिस्तो धापा टाकत स्वयंपाकघरात शिरला म्हणे. “माझा रोके गेला! हिरवा आहे!”

देल्मिरा हात पुसत बाहेर आली, आकाशाकडे बघून म्हणाली, “एवारिस्तो, सगळेच हिरवे आहेत.”

“हा थरथरतो.”

“सगळेच थरथरतात हो.”

“हा…” त्याने डोक्यावरची टोपी काढून पुढे धरली. “हा माझा आहे. तो टोपीत झोपायचा. त्याला मऊ पेज लागते. बाहेरचं काही खाल्लं नाहीये त्याने आजवर. रात्री गारठा पडला तर काय करेल तो?”

ओर्फिलिया सांगते, तो एका दमात इतकं बोललेला तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि देल्मिरानेही. संध्याकाळपर्यंत तो पेजेची बशी डोक्यावर धरून झाडाखाली उभा होता. ढग भरून आले. ट्रकमधला मका भिजला असता आणि बंदरावर बोट खोळंबली होती. देल्मिराने त्याच्या हातातून बशी घेतली. “जा तुम्ही. मी ठेवते लक्ष.”

तो गेला आणि थोड्याच वेळाने थवा मुक्कामाला परतला. मी त्यात होते.

माझी जात, माझी माणसं म्हणून मी ज्यांच्यात गेले त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी चोची मारल्या. त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी पहारेकऱ्याची हाक दिली की उत्तर द्यायचं असतं. मी उत्तर म्हणून ट्रकच्या ब्रेकचा आवाज काढला. मला काटेरी बोंडं फोडता येत नव्हती, ससाणा आला की कुठल्या बाजूला वळायचं कळत नव्हतं. खोलीत कुणी घेईना, म्हणून फांदीवर झोपले. भुकेने इतकी थरथरत होते की शेजारची पिल्लंसुद्धा हसली असतील.

त्यातला एक नर मात्र मला हाकलायला आला नाही. त्याच्या डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं होतं. त्याचं नाव आमच्या भाषेतला एक तुटक आवाज आहे. तो तुम्हाला लिहून दाखवता येणार नाही. तो माझ्याजवळ येऊन बसला, एक बोंड फोडलं, अर्धं स्वतः खाल्लं आणि अर्धं फांदीवर ठेवून दुसरीकडे बघत बसला. अवाक्षर नाही. मला गप्प पुरुषांची सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी मी एक काटकी मोडून आणली. ती त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात खोचली. उलटी बसली. काढली, फिरवली, पुन्हा खोचली. अशी घट्ट बसली म्हणता! पंख्याच्या जाळीत ओवलेल्या दातकोरण्या मला आठवल्या. हे काम मी जन्मभर करत आले होते, फक्त घर चुकलं होतं. त्यानंतर मला कुणी चोच मारली नाही. चाळीत बांधकामाला हात लावणाऱ्याला कोण हाकलतं?

दिवस बरे जाऊ लागले. पण संध्याकाळी रस्त्यावर एखादा ट्रक ब्रेक दाबायचा आणि मी हातातलं काम टाकून तिकडे बघायची. मग मी शेंड्यावर जायची आणि मला येत होतं ते एकच गाणं सुरू करायची.

पहिल्यांदा ते ओर्फिलियाने ऐकलं. ती निलगिरीखाली कपडे वाळत घालत होती. वरून कुणीतरी घसा खाकरला. तिने वर बघितलं. “देल्मिरा, ऐक,” झाड म्हणालं, “तुझी पाटी दिसली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.”

ओर्फिलियाने हातातली चादर टाकली आणि क्रूसाची खूण केली. “देल्मिरे! ए देल्मिरे! बाहेर ये! झाड तुला मागणी घालतंय!”

“मावशी, ऊन लागलंय तुला.”

“मला ऊन लागलंय आणि झाडाला काय लागलंय? ये म्हणते ना!”

देल्मिरा आली. मी श्रोते बघून खुलले आणि पहिल्यापासून सुरू केलं. भूक नसली तरी, कळतंय का तुला, सगळं. देल्मिराचा चेहरा आधी हसरा झाला, मग लाल झाला, मग तिने कमरेवर हात ठेवले. “कुणाची ही थट्टा? नेमेसियोची असणार. येऊ दे त्याला, त्याच्या ताटात साबण वाढते!”

“थांब, अजून संपलं नाहीये,” ओर्फिलिया म्हणाली.

“आणि तोंडातून काय निघालं? मीठ बरोबर आहे!” मी सांगितलं. “मीठ बरोबर आहे म्हणे! गाढवा! गाढवा! पँ!”



“मीठ बरोबर आहे असं आपल्याकडे कोण म्हणतं गं?” ओर्फिलियाने हळूच विचारलं. तिला माहीत होतं. तिला उगाच विचारायची खोड आहे.

देल्मिराने पडलेली चादर उचलली, झटकली, पुन्हा पडू दिली, आणि आत गेली. त्या दिवशी तिचा रस्सा करपला.

गोष्ट दडून राहणारी नव्हती. नेमेसियोने ऐकली, त्याने ती बंदरापर्यंत नेली, आणि नवा रस्ता सोडून ट्रक जुन्या रस्त्याला लागले, झाड काय म्हणतं ते ऐकायला. ऐकायला आलेला माणूस उपाशी थोडाच जातो? टेबलं भरू लागली. सगळे आवाज ओळखत होते, पण देल्मिराने दटावून ठेवलं होतं. “त्याच्यापर्यंत जर हे पोचलं तर माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. तो येईल तेव्हा स्वतःच्या पायांनी येईल.”

तो येत नव्हता. माल पोचवून तो मला शोधत फिरत होता, जिथे जिथे आमची वसाहत दिसेल तिथे ट्रक थांबवून, पेजेची बशी डोक्यावर धरून. मी दूर गेले असणार, असं त्याने धरून चाललं होतं. ईस्टर आलं तेव्हा देल्मिराच्या बहिणीचा निरोप आला, खोली तयार आहे. खिडकीजवळचं ते टेबल अजून रिकामंच होतं. देल्मिराने भांड्यांची खोकी बांधायला घेतली. ओर्फिलिया ती रोज संध्याकाळी सोडायची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी तो ओळखीचा ब्रेक वाजला.

मी शेंड्यावर होते. तो उतरला, वाळलेला, दाढी वाढलेली. दारातली खोकी बघून तिथेच थबकला. आत माणसं भरलेली आणि तो दिसताच सगळी एकदम चिडीचूप. नेमेसियोने तर रुमालच तोंडात कोंबला. देल्मिराने बाहेर झाडाखाली टेबल-खुर्ची मांडली. “इथे बसा,” म्हणाली. त्याच्यापुढे रश्श्याचं ताट ठेवलं आणि नेहमीचं विचारलं, “कसा झालाय?”

तोवर मला खाली उतरता येऊ लागलं होतं. मी उतरले. थेट त्याच्या टोपीवर. आणि आनंदाने इतकी थरथरले की टोपी त्याच्या नाकावर आली.

“रोके!” त्याने मला दोन्ही हातांत धरलं. “रोके, अरे, कुठे होतास तू?”

मला वाटलं, याला आपलं गाणं म्हणून दाखवावं. मी घसा खाकरला.

तिसऱ्या शब्दाला त्याचा चेहरा पांढरा पडला. माझी चोच धरायला त्याने बोट पुढे केलं, पण मी चपळ. शेवटपर्यंत म्हटलं, गाढवांसकट. पँ जरा जास्तच लांबवला. खिडक्यांत सगळ्यांची तोंडं गोळा झाली होती.

एवारिस्तो उठून ट्रककडे जाऊ लागला. देल्मिरा आडवी आली.

“का हो,” ती म्हणाली, “समोर बसलात की तुम्ही, आणि झाडावर चढलात की तू?”

त्याने मान खाली घातली.

“पक्ष्याचं ऐकून झालं माझं. रोज ऐकतेय. आता माणसाचं ऐकायचंय. नाहीतर उद्याची गाडी आहे.”

मी त्याच्या खांद्यावर होते. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मला पायांना जाणवत होतं. मला वाटलं, म्हणेल आता, पाठ तर आहे सगळं. पण त्याने त्यातलं काहीच म्हटलं नाही. तो म्हणाला, “मीठ बरोबर नसतं.”

“काय?”

“कधीच नव्हतं. कमी असतं. फार कमी.”

खिडकीत ओर्फिलियाने तोंडावर हात ठेवला.

“इतकी वर्षं?” देल्मिराचा आवाज चढला. “मग मागायचं होतंत की! मिठाला काय तोटा होता?”

“मागितलं असतं तर तुम्ही परत आला असतात. इथे अशा उभ्या राहिला असतात. आणि तुम्ही समोर उभ्या राहिलात की माझी जीभ टाळूला चिकटते. म्हणून तसंच खाल्लं.” त्याने श्वास घेतला. “देल्मिरा, जाऊ नकोस. समुद्र मला माहीत नाही. पण हा रस्ता माहीत आहे, आणि तू नसलीस तर तो मला कशाला हवाय?”

देल्मिरा आत गेली. सगळ्यांना वाटलं, संपलं. मग ती मिठाची बरणी घेऊन आली, त्याच्यासमोर आपटली आणि त्याच टेबलाशी खुर्ची ओढून बसली. “घाल,” म्हणाली. “तुला हवं तेवढं घाल. आणि आजपासून तोंडाने सांगायचं.”

नेमेसियो तेवढ्यात रडायला लागला. एवढा जाड माणूस रडताना फार वाईट दिसतो.

सगळं छान झालं, पण माझा प्रश्न उरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी एवारिस्तोने ट्रकचं दार उघडलं, माझी काठी पुसली, पेज ठेवली आणि हात पुढे केला. “येतोस, रोके?”

मी गेले. काठीवर बसले, पेज खाल्ली, त्याच्या कानाची पाळी हळूच चावली. झाडावरून तुटक्या बोटाच्या त्या नराने एकदाच हाक दिली. त्याला ओरडायची सवय नाही. मी एवारिस्तोकडे बघितलं, झाडाकडे बघितलं. दोन्हीकडे माझा जीव होता, आणि अंग मात्र एकच. मग मी उडाले आणि फांदीवर जाऊन बसले.

तो बराच वेळ वर बघत उभा राहिला. देल्मिरा त्याच्याशेजारी आली. “रागावलास?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “मी तरी कुठे ट्रकमध्ये राहायचं म्हणतोय?”

त्याने काच वर केली नाही. आजही तो जेव्हा जेव्हा इथे ट्रक उभा करतो, माझ्या बाजूची काच खाली असते.

ऑक्टोबरात मी खोलीत बसून राहू लागले. फक्त खाण्यापुरती बाहेर. एवारिस्तो घाबरला; रोके आजारी आहे, म्हणाला, खाली पेजेची बशी घेऊन आला. ओर्फिलियाने वर नीट बघितलं आणि अशी हसली की तिला ठसका लागला. “अरे देवा! तुझ्या रोकेने अंडी घातलीत रे!”

“कुणी?”

“रोकेने! बाई आहे ती, बाई!”

एवारिस्तो मटकन खाली बसला. कान लाल झाले. “देल्मिरा,” म्हणाला, “मी इतकी वर्षं हिच्यासमोर कपडे बदलले!”

देल्मिराने त्याला उठवायला हात दिला, पण हसता हसता तीच त्याच्याशेजारी मातीत बसली. मी वरून बघत होते. माझ्या पोटाखाली अंडी उबदार होती, आणि उंबऱ्यात माझा गप्प नवरा तुटक्या बोटाच्या पायावर उभा राहून, या माणसांना काय झालंय ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होता.

आता माझी पोरंही उडतात. आम्ही सकाळी शेतांकडे जातो. तिथे बंदुकीचे बार होतात, आणि संध्याकाळी परतताना मी प्रत्येकाचा आवाज मोजून घेते. शेतकऱ्यांना आमचा राग येतो. त्यांचंही बरोबर असेल. आम्हाला भूक लागते, एवढंच मी सांगू शकते. बाहिया ब्लांकाची बहीणच दर उन्हाळ्यात इकडे येते आणि समुद्राबद्दल तक्रार करते. एवारिस्तो जवळच्या फेऱ्या मारतो. लोकांत तो आता थोडं जास्त बोलतो, फार नाही. गाणं मात्र मी सोडून दिलंय. ज्याचं होतं त्याने ते पोचवलं. माझ्या घशात ते अडकून राहायचं कारण उरलं नाही.

तुमच्याकडे माझ्या जातीचं कुणी असेल तर एवढंच करा: त्याला खोचायला काटक्या द्या. खूप द्या. त्याचं घर कुठे आहे ते त्याचं त्याला ठरवू द्या. आणि तो खिडकीशी बसून बाहेरच्या थव्याला ओरडून उत्तर देऊ लागला तर त्याला गप्प करू नका.

बांधताना आमच्या चोचीतून बऱ्याच काटक्या निसटतात. खाली पडलेली काटकी आम्ही पुन्हा उचलत नाही. का ते विचारू नका, आमच्यात ती पद्धत नाही. ओर्फिलिया रोज सकाळी शिव्या देत त्या गोळा करते आणि चुलीत घालते. आता या क्षणी ती खाली वाकून तेच करतेय. थोड्या वेळाने धूर वर येईल, रश्श्याचा वास येईल, आणि पोरांना शिंका येतील. माझ्या चोचीतली ही काटकी काही केल्या बसत नाहीये. फार वाकडी आहे. टाकून देते तिला खाली. ओर्फिलियाला एक कमी पडत होती.